ज्याचा ग्लास त्यानं भरावा

रविवारची प्रार्थना आटोपून आईच्या घराकडे निघताना एव्हारिस्तनं गाडीत आपला बेत बायकोला पुन्हा एकदा समजावून सांगितला. मिर्तोनं तो पुन्हा एकदा ऐकला. नवरा बेत सांगायला लागला की खिडकीबाहेर समुद्र बघायचा, हे तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

"आपण काहीएक बोलायचं नाही," तो म्हणाला. "आदरानं वागायचं. बाटली त्यांच्यापुढे ठेवायची आणि गप्प बसायचं. पुढचं काम ते स्वतःच करतील."

"आणि तेलेमाक सरांनी छान तिपंच बनवला तर?"

"नाही बनवणार."

"कशावरून?"

एव्हारिस्तनं हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

एव्हारिस्तचा बाप फुल्बेर जाऊन तीन वर्षं झाली होती, पण व्होक्लां गावातल्या त्या घराच्या पडवीत अजून त्याचाच कायदा चालायचा. रविवारी जेवणाआधी गोल मेजावर तिपंचाचं सामान: पांढऱ्या रमची बाटली, उसाच्या पाकाची शिशी, हिरवी लिंबं, एक सुरी, आणि घुसळायला पाच फाट्यांची काडी, ताकाच्या रवीची धाकटी बहीण शोभेल अशी. एवढं मांडून यजमानानं हात मागे घ्यायचा. बाटली आधी पाहुण्याकडे जायची, मग हातोहात फिरायची, आणि ज्याचा ग्लास त्यानंच भरायचा. फुल्बेर खुर्चीत रेलून बघत राहायचा. लिंबाची साल जाड कापणारा उधळ्या, शेवटच्या थेंबापर्यंत पिळणारा चिक्कू, पाक जास्त ओतणारा काहीतरी लपवतोय. त्याची धाकटी मुलगी नादेज हिनं एकदा बोर्दोचा एक इंजिनिअर घरी आणला होता. त्यानं बर्फ मागितला. फुल्बेरनं स्वतः उठून बर्फ आणून दिला, तेवढ्यावरून घरातल्या सगळ्यांना कळलं की हे लग्न काही होत नाही.

हे सगळं अर्थात पुरुषांचं. बायकांसाठी प्लांतर असायचा: पेरूचा आणि संत्र्याचा रस, पाक, वर किसलेलं जायफळ आणि नावाला रम. तो मात्र करून द्यायचा. फुल्बेरनं बायकोला, सिदोनीला, जन्मभर करून दिला, आणि तो गेल्यावर थोरल्या मुलानं ते काम अंगावर घेतलं. एव्हारिस्तचं शेजारच्या गावात औषधांचं दुकान होतं. जायफळ तो तिथल्या छोट्या तराजूवर तोलून, पुडीत बांधून आणायचा. आईसाठी आपण हे करतो याचं त्याला फार समाधान होतं, आणि ते समाधान तो कुणापासून लपवत नसे.

तर अशा या आईनं आठ दिवसांपूर्वी, सर्व संतांच्या सणाला, फुल्बेरच्या थडग्यावर मेणबत्त्या लावता लावता मागे न वळता सांगितलं होतं, "पुढच्या रविवारी तेलेमाकना बोलावलंय. तिपंचाला."

नुसतं जेवायला म्हणाली असती तर एव्हारिस्तनं मनाला लावून घेतलं नसतं. जेवायला पाद्रीही येतात. तिपंचाला माणूस येतो तो घरात शिरायला.

त्यातून माणूस कोण, तर ऑगस्तँ तेलेमाक. यांची ड्रायव्हिंग स्कूल होती, आणि अर्धं व्होक्लां त्यांच्या शेजारी बसून घामाघूम झालेलं होतं. एव्हारिस्तला त्यांनी दोनदा परीक्षेला बसूच दिलं नव्हतं. "बाळ, तू आरशात रस्ता बघत नाहीस, स्वतःला बघतोस," असं त्यांनी त्याला बाजारासमोर, काच खाली असताना ऐकवलं होतं. ते वाक्य गावात अजून फिरत होतं. आणि आता कळलं होतं ते असं की गेलं वर्षभर दर मंगळवारी चर्चच्या गायनाच्या सरावाला जाणारी आई प्रत्यक्षात तेलेमाकांच्या शेजारी बसून गियर बदलायला शिकत होती. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तिनं लायसन्स काढलं. पहिल्याच फटक्यात पास झाली, हे एव्हारिस्तला जास्त लागलं.

स्वयंपाकघरात नादेज खाऱ्या माशाच्या भज्या तळत होती. ती फोर-द-फ्रान्सच्या इस्पितळात नर्स होती आणि सुट्टीच्या दिवशीही उभ्यानंच जगायची.

"आई कुठाय?" एव्हारिस्तनं पेरू सोलायला घेत विचारलं.

"सरांना आणायला गेलीय. स्वतः गाडी घेऊन."

"एकटी?"

"नाही दादा, गाडीसोबत."

मिर्तो हसली. एव्हारिस्तनं तिकडे लक्ष दिलं नाही. "नादेज, आपलं फोनवर ठरलंय. तू माझ्या बाजूनं आहेस."

"आहे ना. पण परवा मी आईला त्या गाडीत बघितलं. चढावर थांबून परत निघाली, गाडी इंचभर मागे गेली नाही. तिचा चेहरा बघायला हवा होतास."

"चढाचा इथे काय संबंध?"

"काही नाही. तुला सांगितलं आपलं."

एव्हारिस्तनं पेरूचा रस गाळायला घेतला. एक शिपाई ढिला पडलाय हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण त्याची खरी भिस्त वेगळीकडेच होती. आत्या क्लोटिल्ड म्हणजे फुल्बेरची सख्खी मोठी बहीण. भाऊ गेल्यापासून तिनं काळे कपडे उतरवले नव्हते आणि जिभेला धार लावायचंही सोडलं नव्हतं. ती काठी टेकत आली, पडवीतली भावाची खुर्ची सोडून तिच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "भज्या आण. रिकाम्या पोटी मला कुणाचा न्याय करता येत नाही."

"आत्या, तू सांभाळून घे हं," एव्हारिस्त तिच्या कानाशी वाकून म्हणाला. "बाबांच्या जागेचा प्रश्न आहे."

"तुझ्या बाबांची जागा दफनभूमीत आहे," ती म्हणाली. "आठ दिवसांपूर्वी तूच तिथे मेणबत्ती लावलीस."

हे बाजूनं की विरुद्ध, ते त्याला नीट कळलं नाही. तेवढ्यात गाडीचा आवाज आला.

सिदोनीनं गाडी आंब्याखाली एका झटक्यात उलटी लावली. आधी ती उतरली, मग दुसऱ्या बाजूनं तेलेमाक. उंच, जरासे वाकलेले, इस्त्रीचा फिकट शर्ट, हातात फणसाच्या आकाराचं एक कलिंगड. उतरल्यावर त्यांनी चाकाकडे एक नजर टाकली आणि मान हलवली. सिदोनी तेवढ्यावर लाजली. आई लाजते हे एव्हारिस्तनं पहिल्यांदा बघितलं, आणि ते बघून त्यालाच कुठे बघावं ते कळेना.

"एव्हारिस्त," तेलेमाक हात पुढे करत म्हणाले. "कसं चाललंय? गाडी कुठली सध्या?"

"मोठी आहे, सर."

"असणारच."

नादेजनं खोकल्याचं सोंग केलं. सगळे गोल मेजाभोवती बसले. फुल्बेरची खुर्ची रिकामी होती. एव्हारिस्तनं विचार करून ठेवला होता की पाहुणा तिथे बसायला गेला तर तिथल्या तिथे निकाल लागेल. तेलेमाकांनी खुर्चीकडे पाहिलं, कलिंगड तिच्यावर ठेवलं आणि स्वतः बाजूच्या बाकावर बसले. आत्यानं भजी चावता चावता भुवई उंचावली. एव्हारिस्तला वाटलं, अपमान झाला. मग वाटलं, मान ठेवला. शेवटी त्यानं हा मुद्दा बाजूला ठेवला.

त्यानं आईचा प्लांतरचा ग्लास एका हातात तयार धरला, आणि दुसऱ्या हातानं बाटली उचलून पाहुण्यापुढे ठेवली. पाक, लिंबं, सुरी, काडी. मग हात मागे घेतला, अगदी वडिलांसारखा.

"घ्या, सर. आमच्याकडे ज्याचा त्यानं बनवायचा."

"माहीत आहे," तेलेमाक म्हणाले. "फुल्बेरनं मला एकदा इथेच बसवलं होतं. तू लहान होतास. मी तेव्हा बनवला होता."

"मग?" नादेजनं विचारलं. "काय म्हणाले बाबा?"

"म्हणाला, लिंबू चांगलं कापतोस, पण लग्न करण्यातला दिसत नाहीस. खरंच होतं ते. चाळीस वर्षं."

आत्या हसली, फुसकन, नाकातून. आणि तेलेमाकांनी बाटलीला हातसुद्धा न लावता ती बोटांनी हळूच उजवीकडे सरकवली.

"आज मला नको. जेवण झालं की त्रिनितेला जायचंय आम्हाला, आणि गाडी मी चालवणार आहे. तुम्ही घ्या, सिदोनी."

एव्हारिस्तला या शक्यतेचा विचारच सुचला नव्हता. जाड साल, पातळ साल, पाक, बर्फ, सगळ्याची त्यानं तयारी केली होती. जो माणूस बनवतच नाही त्याला काय म्हणायचं, हे बाबांनी सांगून ठेवलेलं नव्हतं. तो गडबडीनं उठला. "नाही नाही, आई ते घेत नाही. आईचा हा आहे, मी केलाय." आणि त्यानं प्लांतरचा ग्लास आईपुढे ठेवला.

सिदोनीसमोर आता दोन्ही होतं. उजवीकडे मुलाचा ग्लास, काठोकाठ, वर जायफळाची नीट पेरलेली भुकटी. डावीकडे बाटली. तिनं मुलाच्या ग्लासाकडे जरा वेळ पाहिलं. मग बाटली हातात घेतली.

तिनं सुरी उचलली आणि लिंबाच्या कडेची एक साल कापली, नाण्याएवढी, इतकी पातळ की तिच्यातून उजेड दिसावा. ती दोन बोटांत धरून एकदाच दाबली, ग्लासात टाकली. पाक घातला तो काडीच्या टोकाला लागेल एवढाच. त्यावर रम, न मोजता, पण हात कुठे थांबवायचा ते हाताला ठाऊक असल्यासारखी. काडी तळव्यांमध्ये धरून दोनतीनदा फिरवली, बाजूला ठेवली, ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं नाही. डोळे मिटले तेवढेच.

समोर खडकांवर लाटा आपटत होत्या.

"आई," नादेज म्हणाली, "हे तू कुठे शिकलीस?"

"शिकायला काय आहे त्यात."

"नाही, पण हात बघितला मी तुझा. असा हात एका दिवसात होत नाही. मी सुया टोचते, मला कळतं."

सिदोनी आत्याकडे बघत होती. आत्या भजीकडे बघत होती. मग आत्यानं ताटली खाली ठेवली, पदर असता तर खोचला असता अशा थाटात सरळ बसली आणि म्हणाली, "सांगून टाक ना. मी काय आता तुरुंगात जाणार आहे?"

"काय सांगून टाक?" एव्हारिस्तनं विचारलं.

"स्वयंपाकघरात," सिदोनी म्हणाली. "पिठाच्या डब्यामागे. तुम्ही पुरुष इथे एकमेकांचे ग्लास तपासत बसायचात, तेव्हा आम्ही दोघी मासा शिजायची वाट बघत तिकडे घ्यायचो. एकेक. रविवारचा."

"आणि प्लांतर?"

"तो तुझ्या बाबांसमोर अर्धा प्यायचे. अर्धा मोरीत."

"आत्या, तूही?"

"मला पेरू आवडतच नाही," आत्या म्हणाली. "लहानपणापासून. कुणी विचारलंय का कधी?"

मिर्तोनं तोंडावर रुमाल धरला होता. नादेजनं तिला कोपरानं ढोसलं. दोघी कुठल्या बाजूला गेल्या आहेत हे विचारायची आता गरज नव्हती. एव्हारिस्तनं आपल्या ग्लासाकडे बघितलं. जायफळाची भुकटी हळूहळू बुडत चालली होती.

"मीही तीन वर्षं करतोय तो," तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला. "दर रविवारी. तोलून."

सिदोनीनं ग्लास खाली ठेवला. "तुझा मी सगळा प्यायले, एव्हारिस्त. एक थेंब टाकला नाही. फार गोड असतो. पण तू त्या तराजूवर मान वाकडी करून बसत असशील, ते मला दिसायचं. मग कसा टाकणार?"

त्याला याचं काय करावं ते कळेना. रागवावं तर आईनं कौतुक केलं होतं, खूश व्हावं तर आईला ते आवडत नव्हतं. त्यानं बाबांचाच आधार घेतला. "बाबांना कळलं असतं तर काय वाटलं असतं त्यांना?"

यावर दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं. बोलली ती आत्या, आणि पहिल्यांदाच तिच्या बोलण्याला धार नव्हती.

"डब्यामागची बाटली कधी संपली नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मला वाटायचं सिदोनी आणते. तिला वाटायचं मी आणते. फुल्बेर गेला, आणि ती संपली."

मिर्तोनं तोंडावरचा रुमाल काढला. नादेजनं मान फिरवून समुद्राकडे बघितलं.

"म्हणजे बाबा भरून ठेवायचे?"

"कधी बोलला नाही," सिदोनी म्हणाली. "बोलला असता तर मला इथे बसवावं लागलं असतं, आणि ते त्याला जमलं नसतं. त्याला त्याच्या बाबांनी जे शिकवलं तेच तो करत होता. पण बाटली भरून ठेवायचा." तिनं बाटलीला बूच लावलं. "मी त्याच्यावर कधी रुसले नाही. फक्त मला वाटायचं, एकदा तरी त्यानं ती इकडे सरकवावी."

तेलेमाक उठले आणि कलिंगड कापायला सुरी मागण्यासाठी आत गेले. सुरी मेजावरच होती. ते उगाच आत गेलेत, मुद्दाम, हे एव्हारिस्तला समजलं, आणि मनाविरुद्ध त्याला ते बरं वाटलं. बाबांनाही ते आवडलं असतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. मग तो स्वतःवरच चिडला.

जेवायला रश्श्यातला लाल मासा आणि उकडलेला सुरण होता. दुसऱ्या घासाला सिदोनीनं सांगितलं की ईस्टर झाला की नगरपालिकेत लग्न लावायचं, चर्चमध्ये नको, फादर फार लांबवतात. राहायचं याच घरी. तेलेमाक त्यांचं घर पुतण्याला देतायत.

"एव्हारिस्त, साक्षीदार म्हणून तू सही करावीस असं मला वाटतं," ती म्हणाली.

"विचार करतो."

"कर. मासा थंड होतोय तोवर कर."

आत्या म्हणाली, "तो नसेल तर मी करीन. माझी सही त्याच्यापेक्षा बरी आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून त्याचं अक्षर गेलंय."

"आत्या, तू बाबांची बहीण आहेस."

"म्हणून तर. भावानं जे केलं नाही ते कुणीतरी करायला नको?"

एव्हारिस्तनं मिर्तोकडे पाहिलं. मदतीला काही येतं का, म्हणून. मिर्तोनं सुरणाचा तुकडा काट्याला लावला आणि शांतपणे म्हणाली, "आई, लग्नात तिपंच असेल ना? मलाही एकदा करून बघायचाय."

जेवण उरकल्यावर तेलेमाकांनी भांडी विसळायला घेतली. नादेज पुसत होती आणि त्यांना इस्पितळातल्या कुठल्याशा सर्जनच्या पार्किंगबद्दल सांगत होती. त्यांचं हसणं पडवीपर्यंत येत होतं. सिदोनी आरशासमोर टोपी घालत होती. एव्हारिस्त दारात येऊन उभा राहिला. टोपीची टाचणी तिच्या हातून सुटली.

"तिपंच चढला का काय?" तो म्हणाला.

"एवढ्यानं नाही चढत." टाचणी पुन्हा सुटली. "ही त्रिनितेची भानगड आहे. त्यांची मोठी बहीण आहे तिथे, ओर्तान्स. शाळेत मुख्याध्यापिका होती. लग्न न केलेल्या भावाला इतकी वर्षं तीच जपत आली, आणि तिनं निरोप पाठवलाय की आधी बाईला घेऊन ये, मी बघते."

"बघते म्हणजे?"

"बघते म्हणजे बघते. कशी बसते, काय बोलते, ताटात किती टाकते. सगळे म्हणतात तिच्यापुढे बिशपसुद्धा चहा सांडतो."

एव्हारिस्त दारातून आत आला. "तिला काय अधिकार? अडुसष्ट वर्षांच्या बाईची परीक्षा घेते म्हणजे काय? तू चांगली आहेस की नाही हे ठरवणारी ती कोण? एवढं घर केलंस, आम्हाला वाढवलंस, बाबांचं सगळं केलंस, आणि ही बाई तिथे खुर्चीत रेलून बसून..."

तो थांबला. मागे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला होता. मिर्तो, नादेज आणि आत्या तिघीही दारातून बघत होत्या, आणि तिघींनीही सौजन्य दाखवून तोंड बंद ठेवलं होतं. तेलेमाक ओल्या हातांनी त्यांच्या मागे उभे होते. ते फक्त छताकडे बघत होते.

सिदोनी आरशातून मुलाकडे बघत होती. तिनं टाचणी त्याच्या हातात दिली आणि मान जराशी वाकवली. त्यानं ती लावली, दुसऱ्या प्रयत्नात, नीट.

"मी येतो," तो म्हणाला. मग कोट घ्यायला गेला, परत आला, कॉलर सारखी केली. "तिथे मी काय बोलायचं ते सांगून ठेव."

"काही बोलू नकोस," सिदोनी म्हणाली. "नुसता माझ्या शेजारी बस."